गॅसच्या सिलिंडरने टायर भरताना या चुका टाळा

गोदावरीच्या वाळूत किंवा उन्हाळ्यात नाथसागराचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात गाडी उतरवायची, तर टायरमधील दाब १८ पीएसआयपर्यंत खाली आणावा लागतो आणि डांबरी रस्ता गाठण्यापूर्वी तो पुन्हा ३२ च्या आसपास न्यावा लागतो. या दुसऱ्या कामासाठी कार्बन डायऑक्साइडचा छोटा सिलिंडर घेऊन येणारे नवखे मला अलीकडे दर फेरीत भेटतात, आणि त्यांच्या त्याच त्या चुका पाहून मी कंटाळलो आहे. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा आहे, असे ही मंडळी धरून चालतात. प्रत्यक्षात आत द्रव असतो आणि त्याच्यावर त्याचीच वाफ असते.

सिलिंडर आडवा ठेवून वापरणे ही माझ्या मते सर्वांत मोठी चूक. तो उभा असेल तर व्हॉल्व्हमधून फक्त वाफ बाहेर येते. आडवा केला की द्रवच रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि दाब उतरताच त्याचा उणे ७८ अंशांचा बर्फ होतो. पैठणच्या अलीकडे एका वैशाखात आमच्यातील एका तरुणाने मागच्या सीटखालचा सिलिंडर बाहेर न काढता आडव्या स्थितीतच उघडला. मी हटकले तेव्हा, "काका, गॅस तो गॅस, आडवा काय नि उभा काय?" असे उत्तर मिळाले. दुसरा टायर अर्धा भरत आला असताना रेग्युलेटरवर पांढरा थर चढला, नळी काठीसारखी ताठ झाली आणि आतले सील आखडल्यामुळे दाब आवरेनासा होऊन नळी जोडापासून निसटली. ती कोणाच्या तोंडावर बसली नाही, हे नशीब. मात्र व्हॉल्व्ह बंद करण्याच्या घाईत त्याने गोठलेल्या पितळेला उघडा हात लावला आणि तळव्याची कातडी सोलून निघाली. उरलेले टायर आम्ही भर दुपारी पायपंपाने भरले. तेव्हापासून माझा सिलिंडर गाडीच्या मागील कोपऱ्यात दोन पट्ट्यांनी उभा बांधलेला असतो, आणि चामड्याचे हातमोजे घातल्याशिवाय मी त्याला हात लावत नाही.

दुसरी चूक म्हणजे प्रेशर गेज पाहून किती गॅस उरला याचा अंदाज बांधणे. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असला तरी २० अंशांना काटा ५७ बारच्या आसपासच राहतो, थंडीत तो आपोआप खाली येतो आणि ऊन वाढले की वर चढतो. म्हणजे तो हवामान सांगतो, शिल्लक सांगत नाही. शिल्लक कळते ती वजनावरून. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्या खांद्यावर कोरलेले असते, तेवढे वजा केले की काम झाले. मी निघण्याच्या आदल्या दिवशी मोंढ्यातील ओळखीच्या आडत दुकानात जाऊन काट्यावर वजन करतो. दुकानदार हसतात, पण पाच मिनिटे लागतात. साधारण ६० लिटरच्या टायरला १८ वरून ३२ वर आणायला अंदाजे ६० लिटर गॅस लागतो, तर एक किलो कार्बन डायऑक्साइडचा ५०० लिटरहून अधिक गॅस होतो. म्हणजे चारही टायरांना अर्धा किलो पुरतो. एवढा हिशेब न करता "जरा जास्तच भरा" असे गॅसवाल्याला सांगणाऱ्यांचा मला राग येतो. ३१ अंशांच्या वर आत द्रव आणि वाफ हा भेदच उरत नाही, आणि वाजवीपेक्षा जास्त भरलेल्या सिलिंडरमधील दाब तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. मे महिन्यात बंद काचांच्या गाडीचे काय होते, ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. अशा वेळी सुरक्षा चकती फुटते आणि सगळा गॅस गाडीत कोंडतो. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने खाली साचून राहतो आणि माणूस गुदमरतो. मुक्कामी पोचलो की मी सिलिंडर सावलीत उतरवतो, आणि बंद गॅरेजमध्ये तो कधीच उघडत नाही.

वेल्डिंगच्या दुकानातून ऑक्सिजनचा सिलिंडर आणून टायर भरण्याचा विचारही करू नये. तेलकट जागी ऑक्सिजन म्हणजे आगीला आमंत्रण आहे. दुसऱ्या गॅसचा रेग्युलेटर जुगाड करून बसवू नये. सिलिंडरवर कोरलेली चाचणीची तारीख उलटून गेली असेल, तर तो भरून घेऊ नये. नळी टायरला अडकवून चहा प्यायला जाऊ नये, कारण हे भरणे पंपापेक्षा कितीतरी वेगाने होते. मी प्रत्येक टायरजवळ उकिडवा बसून मध्येच थांबतो, मोजतो आणि पुढे भरतो. भरलेला गॅस थंड असतो, त्यामुळे थोड्या वेळाने दाब किंचित चढतो; म्हणून मी ३० वर थांबतो.

आठवड्याभराने दाब उतरलेला दिसला की अनेक जण पंक्चर शोधत बसतात. कार्बन डायऑक्साइड रबरातून हवेपेक्षा लवकर झिरपतो. घरी परतल्यावर पहिल्याच पेट्रोल पंपावर मी साधी हवा भरून घेतो.