स्ट्रोकनंतर गाणं आणि चित्रकला उपचारात कशी वापरावी

स्ट्रोकनंतर ज्या माणसाला ‘पाणी द्या’ एवढंही म्हणता येत नाही, तोच माणूस ओळखीच्या गाण्याचं ध्रुवपद शब्दांसकट गातो. घरचे चक्रावतात, काहींना वाटतं की हा मुद्दामच बोलत नाही. तसं मुळीच नसतं. बहुतेक माणसांत बोलण्याचं काम मुख्यतः मेंदूचा डावा भाग करतो. त्याला इजा झाली की शब्द अडतात. सूर, लय आणि वर्षानुवर्षं तोंडपाठ असलेले शब्द मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंवर पसरलेले असतात, म्हणून ते शाबूत राहू शकतात. बोस्टनमधल्या मार्टिन अल्बर्ट, रॉबर्ट स्पार्क्स आणि नॅन्सी हेल्म यांनी 1973 मध्ये याच गोष्टीवरून उपचाराची एक पद्धत मांडली.

इथे गाणं करमणुकीसाठी नसतं. बोलणं, चालणं किंवा हात वापरणं यांपैकी एखादं ठरावीक काम परत मिळवण्यासाठी ते वापरायचं आणि काम जमू लागलं की हळूहळू बाजूला घ्यायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या हे धरूनच वाचा.

पायरी 1: आधी विचारून घ्या

स्पीच थेरपिस्टला विचारा की वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे बोलणं किंवा समजणं अडणं, नेमका कोणत्या प्रकारचा आहे. ऐकलेलं बऱ्यापैकी समजतं पण बोलता येत नाही, अशा रुग्णाला सुरांचा सराव जास्त उपयोगी पडतो. ज्याचं बोलणं वाहतं पण निरर्थक असतं आणि ज्याला समोरच्याचं समजत नाही, त्याला या पद्धतीचा फारसा फायदा होत नाही. फिट येत असेल किंवा रक्तदाब आटोक्यात नसेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरुवात करू नका. चष्मा आणि श्रवणयंत्र आहे का, तेही पाहा. ही साधी गोष्ट फार वेळा राहून जाते.

पायरी 2: गाणी रुग्णाचीच निवडा

तुम्हाला आवडणारी नकोत. रुग्णाने तरुणपणी ऐकलेली, गुणगुणलेली गाणी काढा. नाव सांगता येत नसेल तर एकेक वाजवून ‘हे हवं का?’ असं विचारा. मान हलली तरी उत्तर मिळालं.

नुसतं ऐकण्यालाही किंमत आहे. हेलसिंकीमध्ये 60 रुग्णांवर झालेला आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात स्ट्रोकनंतर लगेच दोन महिने काहींना रोज किमान तासभर आपल्या आवडीचं संगीत ऐकवलं, काहींना ध्वनिमुद्रित पुस्तकं ऐकवली, तर काहींना यातलं काहीच दिलं नाही. संगीत ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मृती आणि लक्ष देण्याची क्षमता जास्त सुधारली, त्यांची उदासीही कमी दिसली. मात्र दिवसभर मागे टीव्ही चालू ठेवणं म्हणजे हे नव्हे. इतर आवाज बंद करा, रुग्णाला आरामात बसवा, आणि तो थकला की थांबवा.

पायरी 3: सुरातून शब्दाकडे

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या, आणि ती स्पीच थेरपिस्टकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या.

रोज खरोखर लागणारी दोन-तीन छोटी वाक्यं निवडा: ‘पाणी हवं’, ‘दिवा लावा’, ‘पाय दुखतो’. त्यांना चाल लावायची ती फक्त दोन सुरांची. जिथे बोलताना जोर पडतो तिथे वरचा सूर, बाकी खालचा. सूर फार लांबचे नकोत, नेहमीच्या बोलण्याचा चढउतार थोडा ताणल्यासारखे हवेत.

रुग्णाच्या समोर बसा, त्याला तुमचे ओठ दिसू द्या. त्याचा डावा हात हातात घ्या आणि प्रत्येक अक्षराला टेबलावर एक थाप द्या: पा, णी, ह, वं. ही थाप सोडू नका, कारण लयीचा वाटा सुराइतकाच मोठा असू शकतो. आधी शब्दांशिवाय ती चाल दोघांनी गुणगुणायची. मग शब्दांसह एकत्र गायची. नंतर एकत्र सुरू करून तुम्ही अर्ध्यावर गप्प व्हायचं आणि रुग्णाला एकट्याने पूर्ण करू द्यायचं. त्यापुढे तुम्ही गाऊन थांबायचं, मग त्याने म्हणायचं. शेवटी विचारायचं, ‘काय हवं?’ आणि उत्तराची वाट पाहायची.

वाट पाहणं सर्वांत अवघड जातं. पाच-सहा सेकंद शांत राहा. त्याच्या तोंडचा शब्द तुम्ही घेतलात तर सराव तिथेच संपतो. एखादी पायरी दोनदा जमली नाही तर मुकाट्याने मागच्या पायरीवर या, ‘चुकलं’ म्हणू नका.

वाक्य सुरात पक्कं झालं की सूर काढायला लागा. तेच शब्द लयीत पण बोलल्यासारखे म्हणा, मग थाप हलकी करा, मग साध्या आवाजात म्हणा. घरी दिवसातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं झेपतात. घास तोंडात असताना मात्र कधीच नाही, कारण स्ट्रोकनंतर गिळण्याचा त्रास असू शकतो आणि ठसका लागू शकतो.

पायरी 4: ठेक्यावर चालणं

संगीत आणि मेंदू यांवर संशोधन करणाऱ्या मायकल थॉट यांनी पुढे आणलेल्या या पद्धतीत बाहेरून येणारा ठेका पावलांची वेळ सांभाळतो. फिजिओथेरपिस्ट सोबत असतानाच सुरू करा. आधी रुग्ण एका मिनिटात किती पावलं टाकतो ते मोजा. साठ असतील तर मोबाइलवरचं मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करणारं ॲप, साठवरच लावा. सुरुवातीलाच वेग वाढवला तर तोल जातो. पावलं सारखी पडू लागली की साधारण पाच टक्के, म्हणजे त्रेसष्टपर्यंत न्या. ठेका ठळक असलेलं, त्याच वेगाचं गाणंही चालेल. अधूनमधून ठेका बंद करून तीच चाल टिकते का ते पाहा.

हातासाठी आधी ड्रम किंवा टेबलावर ठेवलेला डबा पुरे, कारण त्यात पूर्ण हात उचलला जातो. बोटं सुटी होऊ लागली की कीबोर्ड. हालचाल नेमकी झाली की आवाज लगेच मिळतो, म्हणून हा सराव कंटाळवाणा होत नाही. दुबळा हात ओढून वर नेऊ नका, खांदा निखळू शकतो.

पायरी 5: रंग आणि कागद

कागद टेबलाला चिकटपट्टीने पक्का करा, ब्रशच्या दांडीला फोम गुंडाळून ती जाड करा, कोपर टेकेल अशा उंचीवर बसवा. दुबळ्या हाताला ब्रश झेपत नसेल तर त्याने निदान कागद धरायचा. मातीकाम करताना मूठ आवळायला लावण्यापेक्षा तळव्याने माती सपाट करायला सांगा, नाहीतर आधीच ताठ असलेली बोटं आणखी मिटतात.

उजव्या मेंदूच्या स्ट्रोकनंतर काहींचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. घड्याळ काढायला सांगितलं की सगळे आकडे उजवीकडे जमा होतात. अशा वेळी कागदाच्या डाव्या कडेला लाल पट्टी ओढा आणि प्रत्येक रेघ तिथूनच सुरू करायला लावा.

बोलता न येणाऱ्याला चित्र हे सांगण्याचं साधनही होतं. शरीराची बाह्यरेषा काढून द्या आणि दुखतं तिथे रंग लावायला सांगा. चित्र पाहून ‘हे काय काढलंय?’ असं विचारू नका, त्याला उत्तर देता येणार नाही. हो-नाही असे प्रश्न विचारा.

गाताना किंवा रंगवताना रुग्ण अचानक रडू किंवा हसू लागला तर घाबरू नका. स्ट्रोकनंतर भावनांवरचा ताबा सुटतो, ते दुःखच असेल असं नाही. थांबा, पाणी द्या, विषय बदला. उदासी आठवडेच्या आठवडे टिकली तर मात्र डॉक्टरांना सांगा. स्ट्रोकमधून वाचलेल्या जवळपास एक तृतीयांश लोकांना नैराश्य येतं आणि त्यावर उपचार आहेत.

सराव चालू असताना चेहरा वाकडा झाला, हातातली शक्ती आणखी गेली किंवा बोलणं नव्याने अडखळलं तर थकवा समजून वाट पाहू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

एका वहीत रोज दोन ओळी लिहा: कोणतं वाक्य सुराशिवाय आलं, किती पावलं ठेक्याविना सारखी पडली. पुढच्या भेटीत ती वही थेरपिस्टपुढे ठेवा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा जास्त दिसते, पण सहा महिने उलटल्यावरही ती होत राहते, म्हणून तेवढ्यावर सराव बंद करू नका. आणि शिकवलेलं ‘पाणी हवं’ सरावाच्या खुर्चीतच अडकू देऊ नका. तहान लागल्याचं तुम्हाला दिसलं तरी ग्लास लगेच पुढे करू नका, आधी क्षणभर थांबून त्याला ते म्हणायला वाव द्या.