एमपीथ्री केल्यावर आवाज बोथट होतो? या चुका टाळा

मूळ रेकॉर्डिंगमध्ये टाळांचा झणत्कार स्वच्छ ऐकू येतो आणि एमपीथ्री केली की तोच आवाज घोंगडीखाली दाबल्यासारखा होतो, ही तक्रार माझ्याकडे सतत येत असते. तक्रार करणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने तोवर एकच उपाय करून पाहिलेला असतो, तो म्हणजे बिटरेट (आवाजाच्या एका सेकंदासाठी खर्च होणारी माहिती) १२८ किलोबिटवरून ३२० वर नेण्याचा. त्याने फरक पडला नाही की सगळा दोष एन्कोडरच्या, म्हणजे आवाज दाबून एमपीथ्री बनवणाऱ्या प्रोग्रामच्या, माथी मारला जातो. एन्कोडर वरच्या फ्रिक्वेन्सी कापतो हे खरेच आहे. पण तो कुठे कापतो हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते. लेम हा एन्कोडर १२८ किलोबिटला साधारण १७ किलोहर्ट्झच्या वरचे आणि ३२० किलोबिटला साधारण २० किलोहर्ट्झच्या वरचे काढून टाकतो. टाळांची धार यापेक्षा बरीच खाली असते. तीच गेली असेल, तर बिटरेटला हात लावण्याआधी ती नेमकी कोणत्या टप्प्यावर गेली हे शोधले पाहिजे.

माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे स्टिरिओचे मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या चॅनलची बेरीज करून एकच चॅनल, डोळे मिटून करणे. एका भजनी मंडळाच्या जुन्या कॅसेट संगणकावर घेण्याचे काम एका हौशी तरुणाने अंगावर घेतले होते. चांगल्या स्टिरिओ डेकवरून त्याने रेकॉर्डिंग घेतले, फाइल लहान व्हावी म्हणून ते मोनो केले आणि मग एमपीथ्री बनवली. त्या फाइलमध्ये पखवाज होता, पेटी होती, बुवांचा आवाजही होता. टाळ मात्र जणू शेजारच्या खोलीत वाजत होते. त्याने बिटरेट वाढवला, एन्कोडर बदलले, शेवटी इक्वलायझरने वरचा भाग उचलून पाहिला, तेव्हा फक्त टेपची खरखर वाढली. मी त्याच्याकडून मोनो करण्यापूर्वीची वेव्ह फाइल मागवली. त्यात दोन्ही कानांत टाळ व्यवस्थित होते. टाळाचा एक ठोका मोठा करून पाहिल्यावर उजव्या चॅनलची लहर डावीच्या तीन सॅम्पल (सेकंदाला हजारो वेळा घेतलेली आवाजाची मोजमापे) मागे असल्याचे दिसले.

डेकचे हेड, म्हणजे टेप वाचणारा भाग, टेपच्या चालीशी अचूक काटकोनात नसले की हे होते. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर या वेगाने सरकते, त्यामुळे १० किलोहर्ट्झची अख्खी लहर टेपवर पाच मायक्रोमीटरपेक्षाही कमी जागेत मावते. हेड केसभर तिरपे असले तरी तेवढ्याने दोन ट्रॅकचा मेळ सुटतो. ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटला तीन सॅम्पलचे अंतर असेल, तर दोन्ही चॅनलची बेरीज करताना ७,३५० हर्ट्झचा आवाज स्वतःलाच पूर्ण खोडून काढतो आणि ५ किलोहर्ट्झचा जवळपास निम्म्यावर येतो. एन्कोडरपर्यंत पोहोचण्याआधीच ही हानी झालेली असते, म्हणून ३२० किलोबिटही तिथे निरुपयोगी ठरतात.

त्या कॅसेट मोनो रेकॉर्डरवर भरलेल्या होत्या, म्हणजे दोन्ही ट्रॅकवर एकच मजकूर होता. अशा वेळी बेरीज न करता ज्या चॅनलचा आवाज अधिक स्वच्छ आहे तोच एक ठेवावा, एवढ्याने निम्मे काम होते. खरा उपाय मात्र डेकपाशीच करावा लागतो. प्रत्येक कॅसेट लावल्यावर मी हेडफोनवर मोनो ऐकत हेडशेजारचा स्प्रिंगवर बसलेला स्क्रू अगदी हळू फिरवतो आणि वरचे सूर सर्वांत धारदार लागतील तिथे थांबतो. दुसऱ्या कॅसेटला तीच जागा चालत नाही, ती पुन्हा शोधावी लागते. कपाटभर कॅसेट एका रात्रीत उरकण्याची घाई असलेल्यांना हे कंटाळवाणे वाटते. पण जुनी टेप पुढच्या वेळी तितकीच चांगली वाजेल याची खात्री नसते, म्हणून ही घाई मला अक्षम्य वाटते.

दुसरी चूक मूळ फाइलच न तपासण्याची आहे. आधीच कमी बिटरेटला दाबलेली फाइल ३२० किलोबिटला पुन्हा एन्कोड केली तर आकार वाढतो, गेलेले सूर परत येत नाहीत, उलट दुसऱ्या दाबण्याचे दोष वर चढतात. स्पेक किंवा ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत हे दाखवणारा आलेख, उघडावा. ३२० किलोबिटच्या फाइलमध्ये १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ दिसली, तर ती फाइल पूर्वी कुठेतरी दाबली गेली आहे असे समजावे. एफएम रेडिओवरून घेतलेले कार्यक्रम १५ किलोहर्ट्झच्या आसपास संपणारच, कारण प्रसारणाचीच मर्यादा तेवढी आहे.

ब्लूटूथ इअरफोनचा माइक चालू करून रेकॉर्डिंग करू नये. तो फोनकॉलच्या पद्धतीवर जातो आणि सहसा ४ किंवा ८ किलोहर्ट्झच्या वर काहीच उरत नाही. ऑडॅसिटीच्या जुन्या आवृत्त्यांत स्पेक्ट्रोग्राम मुळात ८ किलोहर्ट्झपर्यंतच दिसतो, तेव्हा वरचे गेले असे ठरवण्याआधी आलेखाची कमाल मर्यादा वाढवून पाहावी. प्रोजेक्टचा सॅम्पल रेट चुकून २२,०५० राहिला असेल तर ११ किलोहर्ट्झच्या वर काही मिळणार नाही. एचई-एएसी (वरचा पट्टा न साठवता वाजवताना उभा करणारा प्रकार) फाइल जुन्या प्लेअरवर बोथट वाजत असेल, तर तो प्लेअर वरचा पट्टा नव्याने उभा करणारी माहिती वाचतच नसतो. फाइल ठीक असते. जॉइंट स्टिरिओला, म्हणजे दोन्ही चॅनलमधला समान भाग एकत्र साठवण्याच्या पद्धतीला, विनाकारण दोष देऊ नये.

हे सगळे तपासूनही कापणारा एन्कोडरच निघाला, तर लो-पास फिल्टर (ठरावीक मर्यादेवरचे सूर कापणारी चाळणी) बंद करण्याचा मोह मात्र आवरावा. एमपीथ्रीच्या रचनेत १६ किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्याला स्वतःचा स्केल फॅक्टर, म्हणजे त्या पट्ट्यापुरती बारकाई ठरवणारा आकडा, दिलेलाच नाही. तो पट्टा बारकाईने जपायचा तर संपूर्ण फ्रेमवर (फाइलच्या त्या छोट्या तुकड्यावर) बिट खर्च करावे लागतात. १२८ किलोबिटमध्ये तेवढी ऐपत नसते, त्यामुळे बहुतेक प्रौढांना ऐकूही न येणाऱ्या सुरांसाठी गायकाचे ‘स’ आणि ‘श’ फाटतात. आलेख उंच दिसावा म्हणून असे करणारे नवशिके कानांऐवजी चित्राची काळजी घेत असतात. त्याऐवजी लेमचे व्हीबीआर (गरजेप्रमाणे बदलणारा बिटरेट) व्ही २ हे सेटिंग घ्यावे, फिल्टर त्याच्या जागी राहू द्यावा, आणि मूळ स्टिरिओ रेकॉर्डिंग फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता दाबणाऱ्या प्रकारात, वेगळे जपून ठेवावे.