प्रकाशाहून वेगवान प्रवासाचा दावा कसा तपासावा

प्रकाशाचा वेग ओलांडला गेल्याची, किंवा तो ओलांडणारे यान आवाक्यात आल्याची बातमी वाचली, की आधी विचारावे: इथून तिथे नेमके गेले काय? समजा, चंद्रावर लेझरचा झोत रोखून मनगटाला झटका दिला आणि त्याचा ठिपका चंद्राचा ३,४७४ किलोमीटरचा व्यास सेकंदाच्या शंभराव्या भागात पार करून गेला, तर ठिपक्याचा वेग सेकंदाला ३,४७,४०० किलोमीटर भरतो. प्रकाशाचा वेग सुमारे ३,००,००० आहे. तरीही चंद्राच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला ना वस्तू गेली, ना निरोप. असे दावे इथेच बाजूला ठेवावेत.

खरोखर काही गेले असेल, तर आकडेमोड करावी. जिनिव्हाजवळच्या सर्न या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेहून निघालेले न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळपास न अडता जाणारे अतिसूक्ष्म कण, सुमारे ७३० किलोमीटरवरच्या इटलीतील ग्रान सास्सो प्रयोगशाळेत प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) लवकर पोहोचल्याचे ऑपेरा प्रयोगाच्या गटाने सप्टेंबर २०११ मध्ये जाहीर केले. एवढ्या अंतराला प्रकाशाला २.४ मिलिसेकंद लागतात, म्हणजे आघाडी साधारण चाळीस हजारांत एक भाग. आता हेच प्रमाण १९८७ साली दिसलेल्या, सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षे दूरच्या ताऱ्याच्या स्फोटाला लावून पाहावे: न्यूट्रिनो प्रकाशाच्या चार वर्षे आधी यायला हवे होते. ते आले काही तासच आधी, आणि तेही वेगामुळे नव्हे, तर स्फोटाचा धक्का ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यायला वेळ लागतो आणि प्रकाश त्यानंतरच बाहेर पडतो म्हणून. त्या न्यूट्रिनोंची ऊर्जा बरीच कमी असल्याने एवढ्यावर निकाल लागत नव्हता, पण शंका घ्यायला हे पुरेसे होते.

मग मोजमाप तपासावे. ६० नॅनोसेकंदांत प्रकाश जेमतेम १८ मीटर जातो, त्यामुळे घड्याळापासून केबलपर्यंत प्रत्येक दुव्यावर संशय घ्यावा लागतो. २०१२ मध्ये मुख्य दोष सापडला तो जीपीएसची वेळ प्रयोगाच्या घड्याळाकडे नेणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या जोडात. जोड नीट बसलेला नव्हता, म्हणून पलीकडे प्रकाश कमी पोहोचत होता आणि संकेत उशिरा नोंदला जात होता; त्यामुळे घड्याळ मागे पडून न्यूट्रिनो लवकर आल्यासारखे दिसत होते. आपली चूक स्वतः शोधून ती जगासमोर मांडणाऱ्या त्या गटाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

यानाचा दावा असेल, तर ऊर्जेचा हिशेब मागावा. प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाला यानाची एकूण ऊर्जा स्थिर असतानाच्या सातपट होते, ९९.९९ टक्क्यांना सुमारे ७१ पट, आणि पूर्ण वेगाला अनंत. मेक्सिकोचे भौतिकशास्त्रज्ञ मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये यानाऐवजी अवकाशच पुढे आकुंचन आणि मागे प्रसरण पावेल अशी रचना गणिताने मांडली. मात्र तिला लागणारी ऋण, म्हणजे शून्याहूनही कमी, ऊर्जा तेवढ्या प्रमाणात कोणालाही मिळवता आलेली नाही.

माझ्या मते सर्वांत अवघड प्रश्न शेवटी विचारावा. सापेक्षतेनुसार प्रकाशाहून वेगाने गेलेला निरोप काही निरीक्षकांच्या दृष्टीने निघण्याआधीच पोहोचतो, आणि अशा दोन निरोपांची सांगड घातली तर उत्तर प्रश्नाच्या आधी हाती येऊ शकते. हे कसे टळेल, याचा खुलासा ज्या दाव्यात नाही, तो मी अपुरा समजतो.