ब्लेड बॅटरी आठवड्यातून एकदा पूर्ण भरा

चीनच्या शेन्झेन शहरातली बीवायडी कंपनी १९९५ पासून बॅटऱ्या बनवते. गाड्यांकडे वळली २००३ मध्ये. २०२० साली तिने पात्यासारख्या लांब, पातळ सेलची ब्लेड बॅटरी आणली. चीनमधली युआन प्लस, म्हणजे आपल्याकडची अॅटो ३ ही इलेक्ट्रिक गाडी, हीच बॅटरी वापरते.

इलेक्ट्रिक गाड्यांसाठी नेहमी दिला जाणारा ‘८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा’ हा सल्ला इथे जसाच्या तसा लावू नका. ही लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी. मधल्या टप्प्यात तिचं व्होल्टेज जवळजवळ सपाट राहतं. ४० टक्के उरलेत की ६०, हे नुसत्या व्होल्टेजवरून नीट कळत नाही. गाडीचा अंदाज हळूहळू चुकत जातो आणि दाखवलेली रेंज अचानक गडगडते.

म्हणून हा अंदाज पुन्हा जुळावा यासाठी आठवड्यातून एकदा घरच्या एसी चार्जरवर १०० टक्के करा. आकडा दिसला की लगेच प्लग ओढू नका. गाडी स्वतः चार्जिंग थांबवेपर्यंत बॅटरीतले सेल एकमेकांच्या समपातळीवर येत असतात. अॅटो ३ च्या ६०.४८ युनिटच्या बॅटरीला ७ किलोवॉटवर साधारण साडेनऊ-दहा तास लागतात. १५ अँपिअरच्या सॉकेटवर वीस तासांहून जास्त, आणि तिथे एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच, पिना वितळतात. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर मात्र निम्मीच भरून ठेवा.