दहाव्याची तयारी होते, दाखला राहून जातो: मृत्यूनंतरच्या या चुका टाळा

घरातलं माणूस गेलं की पहिले तीन दिवस अमरधाम, सावडणं आणि भेटायला येणाऱ्यांत जातात. ते तसेच जावेत. पण त्यानंतरच्या धावपळीत अनेक घरांत उलटंच घडतं. ज्या कागदाची घाई करायची तो मागे पडतो, आणि ज्या सह्या खुशाल थांबल्या असत्या त्या दहाव्यालाच उरकल्या जातात.

डॉक्टरांच्या कागदाशिवाय निघणं

रुग्णालयात मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र तिथेच मिळतं. घरी झाला तर नेहमीच्या डॉक्टरांना बोलावून ते घ्यावं लागतं. तो कागद अंत्यसंस्काराच्या वेळी आणि पुढे नोंदीलाही लागतो. नेत्रदान करायचं असेल तर पहिल्या सहा तासांतच. पंखा बंद करा, डोळे मिटून त्यावर ओला कापूस ठेवा आणि लगेच नेत्रपेढीला कळवा. पाहुणे जमल्यावर ठरवू म्हटलं की वेळ निघून जाते.

"पोस्टमार्टेम नको" म्हणणं

ही चूक सर्वांत महागात पडते. द्राक्षबागेत विजेचा धक्का बसला, साप चावला, विहिरीत पाय घसरला, तर घरच्यांना मयताची चिरफाड नको वाटते. ती भावना मी समजू शकतो. पण पोलिसांचा पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल नसेल तर मृत्यू अपघाती होता हे नंतर दाखवायचं कशाने? गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूनंतर वारसांना २ लाख रुपये मिळतात. त्याचा प्रस्ताव तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे ३० दिवसांत द्यायचा असतो. त्या दोन कागदांवाचून तो सहसा पुढे सरकत नाही. म्हणून पोलिसांना कळवा, शवविच्छेदन होऊ द्या, मगच मयत घरी न्या.

नोंद भलत्याच ठिकाणी शोधणं

निफाड तालुक्यातला माणूस नाशिकच्या रुग्णालयात वारला आणि अंत्यविधी गावी झाला, की घरचे मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामसेवकाकडे खेटे घालतात. नोंद मृत्यू जिथे झाला तिथली असते, अंत्यसंस्कार जिथे झाले तिथली नव्हे. म्हणजे या बाबतीत नाशिक महापालिकेची. माहिती रुग्णालयाने पाठवायची असते, तरी ती गेली का हे विचारून घ्या. घरी मृत्यू झाला असेल तर ते काम कुटुंबाचं.

मुदत २१ दिवसांची. त्यानंतर विलंब शुल्क लागतं, ३० दिवसांनंतर लेखी परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. नाव मात्र आधार कार्ड समोर ठेवूनच लिहून द्या. सगळे "अण्णा" म्हणत, सातबारावर "पंढरी" आणि आधारवर "पंढरीनाथ" अशी तीन नावं असली की पुढे प्रत्येक टेबलावर प्रतिज्ञापत्र मागतात. रुग्णालयात भरती करतानाच नाव चुकीचं लिहिलं गेलं असेल तर नोंद होण्याआधी दुरुस्त करून घ्या. दाखल्याच्या आठ-दहा प्रती एकदमच काढा.

मोबाइल बंद करणं, एटीएममधून पैसे काढणं

गेलेल्या माणसाचं सिमकार्ड निदान वर्षभर चालू ठेवा. विमा, बँक, भविष्य निर्वाह निधी, गॅस, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. पिन माहीत आहे म्हणून खर्चाला पैसे काढू नका. मृत्यूनंतर त्या खात्यावर सगळ्या वारसांचा हक्क असतो, आणि भावाभावांत पहिली ठिणगी बऱ्याचदा इथेच पडते. पेन्शन असेल तर बँकेला लगेच कळवा. मृत्यूनंतर जमा झालेली रक्कम परत करावी लागते.

पासबुक नीट न पाहणं

जुन्या पासबुकात मे-जूनच्या नोंदी शोधा. ४३६ रुपये कापले असतील तर तो प्रधानमंत्री जीवनज्योती विमा. २० रुपये असतील तर सुरक्षा विमा, तो फक्त अपघातासाठी. दोन्हींत मृत्यूनंतर २ लाख रुपये मिळतात. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात नोकरी करताना मृत्यू झाला असेल तर भविष्य निर्वाह निधीसोबत ठेवसंलग्न विम्याचीही (ईडीएलआय, म्हणजे या निधीच्या सदस्याचा जीवन विमा) चौकशी करा. त्यात कमाल ७ लाखांपर्यंत रक्कम मिळू शकते. कित्येक घरांना हे कुणी सांगतच नाही.

दहाव्याला सह्या घेणं

गोदाघाटावर दशक्रिया आटोपते, सगळे एकत्र असतात, आणि कुणीतरी कागद पुढे करतं: "ताई, सही कर, पुन्हा कधी येशील?" ताईने त्या दिवशी सही करू नये आणि कुणी तिच्याकडे मागूही नये. हक्कसोड पत्र, म्हणजे वारशातला आपला हिस्सा सोडून देण्याचा कागद, नोंदणीकृत दस्त असतो, तो सहजासहजी मागे घेता येत नाही. जिचे डोळे अजून कोरडे झाले नाहीत तिच्याकडून असा निर्णय घेणं मला अन्यायच वाटतो.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समजही सोडून द्या. बहुतेक बाबतींत नॉमिनीने रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारायची असते. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच स्पष्ट केलं.

शेतजमीन असेल तर तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्या. ई-हक्क या सरकारी ऑनलाइन प्रणालीवरूनही तो करता येतो. अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात सगळे वारस लिहा. हिंदू कुटुंबात मृत्युपत्र न करता पुरुष गेला असेल तर पत्नी, मुलगे आणि लग्न झालेल्या मुलींसह सगळ्या मुली त्यात येतात. त्याची आई हयात असेल तर तीही पहिल्या वर्गाची वारस असते, आणि नेमकं तिचंच नाव बहुतेक अर्जांत राहून जातं.