पहिले तीन महिने पिंजरेच बदला

एम.फार्म.ला फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास, घेतली तेव्हा मी नेमकं काय शिकणार हे घरी नीट सांगताच आलं नाही. आईला वाटलं, मेडिकल दुकानाच्या वरची पायरी असेल. प्रत्यक्षात कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, जाळीच्या दोन दारांमागे, माझ्या वाट्याला प्रयोगांसाठीच्या विस्टार जातीचे ३६ रॅट आणि आठ आठवडे आले. आज प्रयोगांच्या प्राण्यांबरोबरच्या या कामात अकरा वर्षं झाली. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर नवी मुलं येतात आणि तेच तेच विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

आधी भाषेचा गोंधळ मिटवू. आपण घरात दोघांनाही उंदीर म्हणतो. ॲनिमल हाउसमध्ये, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, तसं म्हटलंत तर चुकीचा पिंजरा हातात येईल. माउस म्हणजे पूर्ण वाढला तरी २५-३० ग्रॅमचा जीव, रॅट त्याच्या दहापट. दोघांना एका खोलीत ठेवायचं नाही, कारण रॅट माउसला मारून खातो आणि त्याचा नुसता वास आला तरी माउस बिथरतो.

प्राण्याला हात लावण्याआधी कागद येतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्राची एक समिती आहे. आता तिला सीसीएसईए म्हणतात, पण जुन्या लोकांच्या तोंडात अजून सीपीसीएसईएच आहे. तिच्याकडे नोंदणी झालेल्या प्रत्येक संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असते, म्हणजे आयएईसी. उंदीर, गिनिपिग, ससा यांच्यावरच्या प्रयोगांचा निर्णय ही समिती घेते. कुत्रा, माकड असे मोठे प्राणी असले की प्रकरण वर, केंद्राच्या समितीकडे जातं. परवानगीसाठी तुम्ही भरायचा तो फॉर्म बी. बहुतेक मुलं तो सिनियरच्या फॉर्मवरून उतरवतात. मीही उतरवला होता. सहा गट, प्रत्येकी सहा प्राणी.

बैठकीत बाहेरून आलेल्या एका सदस्यांनी विचारलं, "सहाच का?" हे गृहस्थ शास्त्रज्ञ नव्हते. समितीत समाजातली एक जाणती, विज्ञानाबाहेरची व्यक्ती असावी लागते, त्या जागेवर ते होते. मी म्हणाले, "सर, सगळे सहाच घेतात." खोलीत कुणी हसलं नाही. फॉर्म परत आला. मग संख्याशास्त्राच्या मॅडमकडे दोन दुपारी बसले तेव्हा कळलं की आकडा आधीच्या अभ्यासांतल्या चढउतारावरून काढायचा असतो. जास्त घेतले तर उगाच जीव जातात हे कुणालाही कळतं. कमी घेतले आणि शेवटी निष्कर्षच निघाला नाही, तर सगळेच वाया जातात, हे मात्र सांगावं लागतं. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये तीन 'आर' मांडले: प्राण्याशिवाय भागेल का, कमी प्राण्यांत होईल का, त्रास कमी करता येईल का. परीक्षेत ते पाच गुणांना येतात. त्यातला दुसरा मला त्या परत आलेल्या फॉर्मवर समजला.

आता मामांविषयी. आमच्या ॲनिमल हाउसमधल्या प्राण्यांची देखभाल करणारे मामा बारावीही नव्हते, पण दार उघडल्याबरोबर नुसत्या वासावरून सांगायचे, "चौथ्या रॅकवर बाटली गळतेय." त्यांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, "ताई, तीन महिने पिंजरे बदला. सुई नंतर." गाइडची घाई होती, सिनॉप्सिसची, म्हणजे संशोधनाचा आराखडा द्यायची, तारीख होती, मी तीन आठवड्यांत सुई हातात घेतली. त्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

पिंजरे बदलताना जे शिकता येतं ते कुठल्याही प्रॅक्टिकलच्या वहीत नाही. पिंजऱ्यातलं बेडिंग, म्हणजे खाली अंथरलेलं भाताचं तूस किंवा मक्याच्या कणसाचा भुगा, किती ओलं झालं की अमोनिया डोळ्यांना लागतो. भरलेली बाटली म्हणजे प्राण्याला पाणी मिळतंय असं नाही. नळीत हवा अडकली तर बाटली तशीच भरलेली राहते आणि प्राणी तहानलेला. म्हणून बाटली उलटी केल्यावर नळीच्या टोकाला बोट लावून थेंब येतो का बघायचं, रोज, प्रत्येक पिंजऱ्याला. गिनिपिगला आपल्यासारखंच क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, त्यामुळे त्याचा आहार वेगळा. आमच्याकडे सकाळी लसूणघासाची पेंढी यायची आणि ती दिसली की सगळे शिट्ट्या मारायचे. नर माउस लहानपणापासून एकत्र असले तर बरे, मोठेपणी अनोळखी नर एकत्र टाकले तर सकाळी शेपट्या रक्ताळलेल्या सापडतात.

हात घालण्याचीही रीत आहे. अत्तर नाही, सुगंधी क्रीम नाही, गजरा तर नाहीच. पुरुषांच्या नुसत्या वासानेही उंदरांवर ताण येतो आणि वेदना मोजण्याचे आकडे बदलतात, हे २०१४ मध्ये एका शोधनिबंधात आलं. त्यात माणूस समोर नसून फक्त घातलेला टी-शर्ट ठेवला तरी फरक पडला होता. माउसला शेपटी धरून उचलण्याची आपल्याकडे सर्रास सवय आहे. २०१० पासून माहीत आहे की त्याने तो जास्त घाबरतो. प्लास्टिकच्या नळीत शिरू देऊन किंवा ओंजळीत उचललं तर शांत राहतो. मामांनी यातलं काही वाचलेलं नव्हतं. ते रॅटच्या पिंजऱ्यात हात ठेवायचे आणि नुसते थांबायचे. एक मिनिट, दोन मिनिटं. तो येऊन हुंगून जायचा, मग ते खांद्यांमागून अलगद उचलायचे.

आता माझी सुई. तोंडाने औषध द्यायची सुई टोकाला गोळीसारखी गोल असते. ती घशातून अन्ननलिकेत आपोआप सरकली पाहिजे, ढकलायची नसते. औषध द्यायला लागल्याच्या तिसऱ्या दिवशी मी ढकलली. रॅटने एकदा अंग ताणलं, नाकातून हिरवट फेस आला आणि दोन मिनिटांत तो गेला. मी नोंदवहीत लिहिलं, 'मृत आढळला.' मामांनी वही वाचली, ट्रे आणला आणि छाती उघडायला सांगितलं. फुप्फुसात मी औषध म्हणून तपासत होते तो अर्क होता. ते काही बोलले नाहीत, ट्रे धुवायला घेऊन गेले. नोंद मी दुसऱ्या दिवशी खोडून, सही करून, खरी लिहिली. तेव्हापासून नव्या मुलांना सांगते: आधी दुसऱ्या मंजूर अभ्यासातल्या मेलेल्या प्राण्यांवर रंगीत पाणी देऊन हात बसवा. सुई आधी प्राण्याच्या अंगालगत धरून तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत मोजा आणि तिथे खूण करा. अडथळा लागला तर बाहेर काढा. आणि चूक झाली तर चूक म्हणूनच लिहा, कारण तो मृत्यू औषधाच्या खात्यावर पडला तर अख्खा गट खोटा ठरतो.

माझा अभ्यास मधुमेहाचा होता, एसटीझेडवाला, म्हणजे स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून प्राण्यांत मधुमेह घडवायचा, जो निम्मी कॉलेजं करतात. त्यातल्या दोन गोष्टी लेखांत एका ओळीत असतात. एक, स्ट्रेप्टोझोटोसिन साडेचार पीएचच्या थंड सायट्रेट बफरमध्ये (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) आयत्या वेळी विरघळवायचं आणि लगेच टोचायचं. बर्फाच्या पेटीजवळ गप्पा मारत बसलात तर निम्म्या प्राण्यांची साखर चढतच नाही. दोन, टोचल्यावर स्वादुपिंडाच्या पेशी फुटून साठलेलं इन्सुलिन एकदम रक्तात येतं, म्हणून त्या रात्री ग्लुकोजचं पाणी ठेवावं लागतं. ते विसरलेली एक मुलगी सकाळी रडत आली होती. पुढे हे प्राणी इतकं पाणी पितात आणि इतकी लघवी करतात की इतरांचं बेडिंग आठवड्यातून दोनदा बदललं तरी यांचं रोज बदलावं लागतं. वेळापत्रक आखताना हे धरा.

कुठला प्राणी कोणता हे ओळखायच्या खुणेसाठी आपल्याकडे अजून पिक्रिक ॲसिडच चालतं: डोक्यावर पिवळा ठिपका, पाठीवर, शेपटीवर. तो फिका पडतो, पुन्हा लावा. आणि बाटलीतलं पिक्रिक ॲसिड वाळू देऊ नका, कोरडं झालं की ते स्फोटक असतं.

रॅटच्या डोळ्यांभोवती किंवा नाकाशी लाल दिसलं की नवी मुलं "रक्त, रक्त" करत धावत येतात. बहुतेक वेळा ते रक्त नसतं, डोळ्यामागच्या ग्रंथीतून येणारा लालसर स्राव असतो, पण तो ताणाची किंवा आजाराची खूण आहे, तेव्हा धावत आलात ते बरंच केलंत. केस पिसारलेले, पाठ कुबड काढल्यासारखी, पेलेट (खाद्याच्या गोळ्या) तसेच पडलेले: हे दिसलं की वजन करा. वजन किती घटलं की अभ्यास थांबवून प्राण्याला त्रासातून सोडवायचं, म्हणजे मारायचं, हे प्रोटोकॉलमध्ये, प्रयोगाच्या लेखी आराखड्यात, आधीच लिहिलेलं हवं. पुष्कळ ठिकाणी मूळ वजनाच्या २० टक्के ही मर्यादा धरतात. त्या दिवशी गाइड म्हणतील, "अजून चारच दिवस राहिलेत." तेव्हा लिहिलेला कागदच तुमच्या कामी येतो.

गणपतीत आमच्या रस्त्यावरून ढोल-ताशा जायचा आणि त्या आठवड्यात पिल्लं खाल्लेल्या माद्या सापडायच्या. गणपतीचं वाहन गणपतीलाच घाबरतं, असं मामा म्हणायचे. नंतर आम्ही त्या काळात प्रजननाच्या जोड्या लावणंच बंद केलं.

प्रयोगाअखेर प्राण्याला मारणं म्हणजे सॅक्रिफाइस; हा शब्द सगळे इतक्या सहज वापरतात की पहिल्यांदा मला तो उद्धट वाटला. आता मीही वापरते. पहिल्या वेळी हात थरथरतील, थरथरू द्या, पण एकट्याने करू नका आणि उरकून टाकू नका. मृत्यूची खात्री केल्याशिवाय पुढचं पाऊल नाही. बाकीचे पिंजरे त्या खोलीत नकोत. शव पिवळ्या पिशवीत, इन्सिनरेटरकडे. त्या रात्री जेवण जात नाही असं झालं तर ते आजारपण नाही. सहा महिन्यांनंतरही रोज तसंच होत असेल तर मात्र जागा बदला. आमच्यातल्या दोघींनी बदलली, आज पेशींवर उत्तम काम करतात.

आई एकदा म्हणाली, "एवढं मारून मिळतं काय?" मी तिला हाफकिन यांचं सांगितलं. १८९७ च्या जानेवारीत त्यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली हे तिला ठाऊक होतं, त्याआधी ती सशांना टोचली होती हे नव्हतं. तिचं समाधान झालं नाही. माझंही पूर्ण झालेलं नाही, आणि माझ्या त्या अर्काचं पुढे औषध झालं नाही.

"हे क्षेत्र बंद पडणार का?" असं हल्ली खूप जण विचारतात. सौंदर्यप्रसाधनांच्या प्राणीचाचण्या आपल्याकडे २०१४ मध्येच बंद झाल्या. नव्या औषधांच्या नियमांत २०२३ च्या दुरुस्तीने पेशी, ऑर्गन-चिप (अवयवाची नक्कल करणारी चिप), संगणकीय पद्धती यांना जागा मिळाली. प्राण्यांची संख्या कमी होईल आणि व्हावी. पण जे उरतील त्यांच्यासाठी नीट शिकलेली माणसं जास्त लागतील. बी.व्ही.एस्सी. झालेल्यांना इथे चांगली संधी आहे, कारण समितीत पशुवैद्य लागतोच. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत प्रयोगशाळेतल्या प्राण्यांविषयीचं प्रशिक्षण मिळतं, जमलं तर घ्या. मुलाखतीत मी स्वतः पदवीआधी पाण्याच्या बाटलीबद्दल विचारते.

रुजू होण्याआधी दोन गोष्टी करा. कुटुंबात दमा किंवा ॲलर्जी असेल तर डॉक्टरांशी बोला; उंदरांच्या लघवीतल्या प्रथिनांची ॲलर्जी हळूहळू, वर्ष-दोन वर्षांनी चढते, म्हणून मास्क पहिल्या दिवसापासून, आणि ॲप्रन घरी न्यायचा नाही. दुसरं, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन या. चावा बसतोच. मला आजवर सात बसलेत, त्यातले पाच शुक्रवारी संध्याकाळी, एसटी गाठायच्या घाईत.