शिंपले दिसतात, पण त्यांची पिल्लं दिसतात का? गोदाकाठी या चुका टाळा

उन्हाळ्यात गोदावरीचं पाणी उतरलं की काठच्या गाळात तळहाताएवढे शिंपले सापडतात. ते पाहून 'नदी ठीक आहे' म्हणणं ही सगळ्यात मोठी चूक. शिंपले कित्येक वर्षं जगतात. जनन थांबलं तरी म्हातारे शिंपले दिसतच राहतात. म्हणून नखाएवढे शोधा. ते गाळात पुरलेले असतात, तेव्हा ओंजळभर गाळ चाळणीत धुऊन पाहा आणि सापडलेले जागच्या जागी परत ठेवा. सलग दोन-तीन उन्हाळे एकही लहान शिंपला मिळाला नाही, तर काळजीचं कारण आहे.

कारण शोधताना पाण्यासोबत मासेही पाहा. मादी शिंपला आपल्या कल्ल्यांत अळ्या वाढवते आणि पाण्यात सोडते. त्या अळीला थोड्या दिवसांत माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटावंच लागतं. तिथे वाढून ती गाळात पडते. मासा मिळाला नाही तर मरते. शिंपल्याची पिल्लं प्रवाहाच्या वर पोहोचतात तीही माशाच्या अंगावरूनच.

इथे 'मासा तो मासा' हा समज घात करतो. परक्या माशाचं शरीर अळीला बहुधा झटकून टाकतं, आणि त्या मोसमाचं बी वाया जातं. चिलापी (तिलापिया) हा असाच परका मासा, १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, वर्षातून अनेकदा अंडी घालते. तो वाढला की अन्न आणि जागा दोन्हीसाठी स्थानिक माशांची ओढाताण होते. सायप्रिनस (कॉमन कार्प) हा परका मासा तर तळच उकरतो, आणि कोवळे शिंपले नेमके तिथेच असतात.

घरच्या काचपेटीतले मासे रामकुंडात किंवा गंगापूर धरणात सोडू नका, दया म्हणूनही नाही. ते दुकानदाराला किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. गप्पी मासे हौद-टाक्यांपुरतेच ठेवा. जाळ्यात सकर (काचपेट्यांतून नदीत आलेला परका मासा) आला तर परत पाण्यात टाकू नका.

एका ठिकाणचे शिंपले दुसरीकडे नेऊन सोडणंही टाळा. तिथे योग्य मासे नसतील तर ते नुसते जगतील, त्यांची संख्या वाढणार नाही.

नांदूरमध्यमेश्वरच्या बाजूला गेलात तर जुन्या मच्छीमारांना एवढं विचारा: पूर्वी जाळ्यात कोणते मासे यायचे, आणि त्यांतले कोणते आधी यायचे थांबले? मिळालेली नावं आणि साल वहीत लिहून ठेवा.